आबा कशानं गेले

“तुमचे वडील कशानं गेले?”

डॉक्टर इनामदारांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून पँटचा पट्टा लावत होतो. त्यांनी नुकतीच आतून बोटानं तपासणी केली होती. कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून. वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता, त्यामुळे त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको वाटत होतं. ते बेसिनवर हात धूत होते. आवाजात काही विशेष नव्हतं, म्हणून मीही सहज सांगून टाकलं, “कंबर लागली होती त्यांची. अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले.”

नळ बंद झाला.

“कंबर लागली म्हणजे? पडले होते का?”

“नाही. आपोआप दुखायला लागली.”

“लघवीचा त्रास होता?”

मला माहीत नव्हतं. आबा गेले त्या काळात मी रत्नागिरी डेपोला कंडक्टर होतो. सुट्टी मिळेल तसा येऊन बघून जायचो. ते गोठ्याशेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि माझ्याशी दोन शब्द बोलून पुन्हा भिंतीकडे वळायचे. त्यांचं सगळं केलं ते माझ्या थोरल्या भावानं, रंगादादानं. डॉक्टरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, भावाला विचारून या. वडिलांना हा आजार असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. “घाबरवत नाही तुम्हाला, निकम. पण मला माहीत असलेलं बरं.”

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मी रिटायर झालो होतो. आम्हा निवृत्त मंडळींसाठी कुणीतरी रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. चहा-बिस्किटं होती, ओळखीचे लोक भेटणार होते, म्हणून गेलो. साखर चांगली निघाली, कोलेस्टेरॉल चांगलं निघालं. अगदी खाली एक ओळ जाड अक्षरात होती. पीएसए, अकरा पॉइंट चार. तो चारच्या आत असायला हवा, असं शेजारीच छापलेलं होतं. पीएसए म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या एकानं कागद हातात घेतला, वाचला आणि काही न बोलता परत दिला. त्याच्या त्या गप्प राहण्यानं मी पहिल्यांदा घाबरलो.

डॉक्टर इनामदार मूत्रविकारांचे तज्ज्ञ. त्यांनी शांतपणे समजावलं होतं. प्रोस्टेट नावाची गाठीसारखी ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. वयाबरोबर ती वाढते, कधी तिला सूज येते, कधी जंतूंची बाधा होते. त्यानंही हा आकडा चढतो. आणि कॅन्सरनंही चढतो. आधी गोळ्यांचा कोर्स घ्यायचा, मग पुन्हा रक्त तपासायचं. आकडा उतरला तर ठीक, नाही उतरला तर त्या ग्रंथीचे तुकडे काढून तपासणीला पाठवायचे. म्हणजे नुसती वाट बघायची.

माझ्या नोकरीत मी आयुष्यभर लोकांना वाट बघायला लावली. गाडी लेट आहे, थांबा, म्हणून माइकवरून सांगायचो. पण त्यांना निदान काय येणार आहे हे माहीत असायचं.

बायकोला, शालनला, मी एवढंच सांगितलं की जरा सूज आहे, गोळ्या दिल्यात. मुलगा पुण्याला, त्याला काहीच कळवलं नाही. मंडईत वांगी निवडता निवडता हात थांबायचा. शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाला बसलो तर कथा कानावरून जायची आणि डोक्यात अकरा पॉइंट चार. मोबाइलवर वाचायला नको होतं, पण वाचत बसलो. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही काहींचा, असं वाचलं. नवरा-बायकोचे संबंध संपतात, असंही वाचलं. आमच्या वयाला तसं काय उरलेलं असतं, असं लोक म्हणतात. पण उरलेलं असतं. ते कुणापाशी बोलायचं? उकाड्याचं निमित्त काढून मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. शालननं काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझी चादर तीच बाहेर आणून ठेवू लागली, आणि ते मला विचारण्यापेक्षा जड गेलं.

गोळ्या निम्म्या संपल्यावर मी गावी गेलो.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. दादा ओट्यावर बसून सुतळी वळत होता. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा. आबा गुळव्या होते, गुऱ्हाळावर रस नेमका कधी उतरवायचा ते सांगणारे. दादानंही तेच काम केलं, तालुकाभर. माणूस मुळातच कमी बोलणारा. मी गेलो तर म्हणाला, “आलास व्हय,” आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.

चहा झाल्यावर मी सरळ विचारलं, “दादा, आबा कशानं गेले?”

“म्हातारपणानं.”

“पासष्टीचेही नव्हते ते.”

“मग कंबरेनं. तुला म्हाईत न्हाई व्हय?” सुतळीवरची नजर त्यानं वर केली नाही.

“त्यांना लघवीचा काही त्रास होता का?”

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. “कशाला पायजे तुला आत्ता त्ये?”

मी त्याला सगळं सांगितलं. शिबिर, आकडा, डॉक्टरनं विचारलेला प्रश्न. ज्या गोष्टी शालनला सांगितल्या नव्हत्या त्याही सांगितल्या, का ते मला कळत नव्हतं. दादा ऐकत होता की नव्हता, कुणास ठाऊक. माझं संपल्यावर तो म्हणाला, “बस. म्हशीला पेंड घालून येतो.” आणि उठला. उठताना त्यानं आधी एक हात जमिनीला टेकला, मग खांब धरला, मग थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. वहिनी दारातून बघत होती. माझ्याकडे बघून ती आत गेली.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, चल, रानाकडं जाऊन येऊ. वाट फार लांबची नाही. पण वाटेत तो एकदा बांधाच्या आड गेला, आणि विहिरीजवळ पोचल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा मी बराच वेळ उभा राहिलो. दुसऱ्या वेळी तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. विहिरीच्या कठड्याला तो टेकला, बसला नाही.

“म्हाताऱ्याची लघवी बंद झाली हुती,” तो म्हणाला. “शेवटच्या वर्साला. पोट नगाऱ्यागत फुगलं. जीप करून साताऱ्याला न्हेलं. तिथं नळी घातली, तवा मोकळा झाला. मग डाक्टरनं मला भाईर बोलावलं.”

तो थांबला. 

“म्हणाला, क्यान्सर हाय. पुरुषाच्या आतल्या गाठीचा. हाडात उतरलाय, कंबर त्येनंच दुखतीया. आता काय करण्यासारखं न्हाई, घरी न्ह्या.”

“तू कुणाला बोलला नाहीस?”

“न्हाई.”

“आईला?”

“कुणालाच न्हाई. हिराचं ठरत आलं हुतं तवा.”

हिरा आमची धाकटी बहीण. पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्या काळात या रोगाचं नाव घेतलं की लोक उंबऱ्याच्या आत येत नसत. लागतो म्हणायचे. पिढीत उतरतो म्हणायचे. पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं तर हिराचं लग्न राहिलं असतं, आणि त्याला स्वतःलाही दोन मुलं होती, त्यांचं पुढं काय झालं असतं? जीपमधून परत येताना आबांनी विचारलं, काय म्हणाला रं डाक्टर? दादा म्हणाला, शीर धरलीय कंबरेची. आबा म्हणाले, मग रगडायला पाहिजे. आणि आईनं खालच्या वाडीचा एक कंबर चोळणारा बोलावला.

“रोज यायचा,” दादा म्हणाला. “तेल तापवून गुडघ्यानं रगडायचा. आबा तोंडात धोतराचा बोळा कोंबायचा, वरडू नये म्हणून. मी पाय धरून बसायचो. मला म्हाईत हुतं रगडून काय हुणार न्हाई. उलट हाडं ठिसूळ झाल्यात, असं त्या डाक्टरनं सांगितलं हुतं. पण नको म्हणायचं तर का नको, ते सांगाय लागलं असतं.”

पाटातून कुणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. बोलता बोलता तो हात मागे जाऊन कंबरेवर बसला होता.

“दादा,” मी म्हणालो, “तुझी कंबर कधीपासून दुखतेय?”

त्यानं हात काढला. “म्हातारपण हाय.”

“कधीपासून?”

तो वळून विहिरीत बघू लागला. “दोन वर्सं झाली आसतील. म्हाईत हाय मला, जगू. मी बघितलंय त्ये समदं. तसंच हाय.”

 मी त्याला म्हणालो, उद्याच माझ्याबरोबर कऱ्हाडला चल. त्यानं ऐकलं नाही. मी गळ घातली, चिडलो, हात जोडले. तो म्हणाला, तुझी तपासणी तू कर, तुझं वय हाय अजून. मला कशाला? आबा गेला तसा मीबी जाईन. पोरांना कळवू नको. एवढं बोलून तो वाटेला लागला. संध्याकाळच्या गाडीला मला सोडायला मात्र आला, आणि गाडी वळेपर्यंत उभा होता. एवढा वेळ उभं राहताना त्याला काय होत असेल, ते मला आता कळत होतं.

गोळ्या संपल्या. पुन्हा रक्त दिलं. आकडा अकरा पॉइंट नऊ आला.

तुकडे काढायचे ठरले, तारीख मिळाली. त्या दुपारी घरी आलो तेव्हा शालन मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माझं, आबांचं आणि दादाचं. तिनं मेथी निवडणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्हाला माझा कंटाळा आला.”

“काहीतरीच.”

“काहीतरीच नाही. माणूस चादर घेऊन बाहेर जातं तेव्हा आतल्या माणसानं काय समजायचं?”  मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, “भाऊजी येत नाहीत म्हणता?”

“नाहीच म्हणाला.”

“तुम्ही त्यांना त्यांच्यासाठी बोलावलंत. त्यासाठी ते येणार नाहीत.”

तिनं वहिनीच्या मोबाइलवर फोन लावला आणि दादाला बोलवायला सांगितलं. सासऱ्यांच्या जागी मानत असल्यामुळे एरवी ती दादाशी पदर सावरून दोन शब्द बोलायची. त्या दिवशी म्हणाली, “भाऊजी, यांचे तुकडे काढायचेत. मुलाला कळवू नका म्हणतात. दवाखान्यात मी एकटी बाईमाणूस, मला काही सुधरणार नाही. तुम्ही आलात तर बरं होईल.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

तारखेच्या आदल्या दिवशी दादा पिशवीत दोन धोतरं आणि घरचा गूळ घेऊन आमच्या दारात उभा होता.

तुकडे काढणं मी समजत होतो तेवढं भयंकर नव्हतं, आणि डॉक्टर सांगत होते तेवढं सोपंही नव्हतं. मागच्या वाटेनं सोनोग्राफीची नळी आत घालतात. त्या जागेला बधिर करतात, पण कान बधिर करत नाहीत. प्रत्येक तुकड्याला खटक्यासारखा आवाज यायचा आणि सगळं अंग दचकायचं. पुढचा आवाज कधी येतो याची वाट बघण्यातच जास्त जीव गेला. बाहेर आणून कॉटवर झोपवलं तेव्हा दादा शेजारी स्टुलावर बसला होता. एका कुल्ल्यावर भार देऊन, तिरका. लघवीला गेलो तर लाल झाली. आधी सांगितलेलं असूनही मी हबकलो. दादानं माझा दंड धरला. तो स्वतः उभं राहताना भिंत धरणारा माणूस, मला धरून कॉटपर्यंत घेऊन आला.

डॉक्टर बघायला आले. माझी विचारपूस करताना त्यांची नजर दोनदा दादाकडे गेली. “हेच का तुमचे भाऊ?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. वडिलांचं काय ते विचारलं का, असं त्यांनी विचारल्यावर मी दादाकडे बघितलं. दादा खाली बघत होता. शालन पलीकडे उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि डॉक्टरांना म्हणाली, “यांचं झालं, तसं भाऊजींचंही बघा. त्यांची कंबर दोन वर्षं झाली दुखतेय, लघवीला वेळ लागतो. ते स्वतः सांगणार नाहीत.”

मला वाटलं दादा उठून चालू लागेल. त्याचा चेहरा लाल झाला. भावजय परक्या माणसापुढे त्याच्या लघवीचं बोलत होती. डॉक्टर म्हणाले, आजोबा, नुसतं रक्त द्या, दुसरं काही करत नाही आज. दादानं माझ्याकडे बघितलं. मी पालथा पडलेला, अंगात गाऊन. काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं सदऱ्याची बाही वर केली.

नंतरचे दिवस तो आमच्याकडेच राहिला. गावी जातो म्हणाला, तर शालन म्हणाली, यांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. तो सुपारी कातरायचा. बोलणं फार नाही. एकदा त्यानं विचारलं, “तुला भ्या वाटतंय का?” मी म्हणालो, वाटतंय. तो म्हणाला, “मलाबी.” सत्तरी ओलांडलेल्या माझ्या भावाच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. शालन मागे उभी राहिली. आधी माझा लिफाफा. डॉक्टर म्हणाले, “निकम, तुमच्यात कॅन्सर नाही. ग्रंथी वाढलीय, जुनी सूज आहे. आकडा त्यामुळं चढला. दर सहा महिन्यांनी बघत राहू.”

माझ्या पाठीवर शालनचा हात पडला आणि तिथंच राहिला. मला हसू यायला लागलं.  मी दादाकडे वळलो. तोही हसत होता, वरच्या दोन पडलेल्या दातांच्या फटीसकट. मग डॉक्टरांनी दुसरा कागद उघडला, आणि त्यांचं तोंड बघून माझं हसणं जागच्या जागी थांबलं.

दादाचा आकडा साडेतीनशेच्या वर होता. मला वाटलं मधलं पॉइंटचं टिंब द्यायचं राहिलं असेल.

“लई हाय का?” दादानं विचारलं.

“हो, आजोबा. जास्त आहे.”

“हाडात गेलंय?”

 “स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही. पण कंबर दुखतेय म्हणजे बहुतेक गेलं असावं.”

दादानं मान हलवली. “आमच्या म्हाताऱ्याला बी ह्योच रोग हुता,” तो म्हणाला. “क्यान्सर.”

तो शब्द त्यानं आम्हा तिघांसमोर, मोठ्या आवाजात उच्चारला. डॉक्टर म्हणाले, तेव्हाचं आणि आताचं यात फरक आहे. मुळापासून बरं होणार नाही, पण तो दाबून ठेवता येतो. दुखणं कमी होतं, काही वर्षं चांगली जातात. पुरुषाच्या हार्मोनवर तो रोग वाढतो, ते थांबवायचं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढून टाकायची. डॉक्टर अवघडत सांगत होते. दादा अवघडला नाही. म्हणाला, काढून टाका, दर तीन महिन्याला कोण येतंय, आन आता त्यांचं काय काम ऱ्हायलंय. मागे शालन तोंडाला पदर लावून हसली आणि त्याच पदरात रडली.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. माझा रिपोर्ट माझ्या खिशात होता. सुटलो, सुटलो, असं आतून कुणीतरी म्हणतच होतं, आणि शेजारी तो बसलेला.  शेवटी तोच म्हणाला, “तुझं निघालं न्हाई त्ये बरं झालं. दोघांचंबी निघालं असतं तर न्हेणार-आणणार कोण?”

त्यानंतर दादा चार वर्षं जगला. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत त्याची कंबर हलकी झाली. तो पुन्हा रानात जायला लागला. एका हंगामात तर गुऱ्हाळावरही जाऊन बसला. शेवटचे काही महिने वाईट गेले, पण दुखण्यावर गोळ्या होत्या, आणि काय झालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेही सांगायला हवं, कारण ते आपोआप घडलं नाही.

ऑपरेशन झालं त्याच वर्षी पितृपंधरवड्यात आबांची तिथी आली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही सगळे गावी जमतो. दादाची दोन्ही मुलं होती, माझा पुण्याचा मुलगा आला होता, हिरा आणि तिची दोन मुलं आली होती. कावळ्याला पान ठेवून झालं, जेवणं झाली. पुरुष ओट्यावर पान खात बसले होते. दादानं हिराला आणि बायकांनाही बाहेर बोलावलं. मला वाटलं आपल्या आजाराचं सांगणार. ते थोडंफार सगळ्यांना कळलेलंच होतं.

तो म्हणाला, “आबा कशानं गेला त्ये तुमाला सांगायचं ऱ्हायलंय.”

आणि त्यानं सांगितलं. साताऱ्याचा डॉक्टर काय म्हणाला ते, जीपमध्ये आपण काय खोटं बोललो ते, कंबर चोळणारा रोज यायचा आणि आपण पाय धरून बसायचो ते. काहीही गाळलं नाही. मग मुलांकडे वळून म्हणाला, ह्ये आपल्या घराण्यात हाय. पन्नाशीला टेकला की ज्यानं त्यानं रगत तपासून घ्यायचं. लाजायचं न्हाई. कुठं जायचं त्ये जगूला विचारा, त्यो न्हेतो. मुलं मान खाली घालून ऐकत होती. थोरल्यानं हळूच मला विचारलं, पंचेचाळीस म्हणजे लवकर होईल का काका? मी म्हणालो, नाही, बरोबर होईल.

हिरा उंबऱ्यात बसली होती. तिचेही केस आता पांढरे व्हायला लागलेले. ती मुलांकडे बघत नव्हती, दादाकडे बघत होती.

“माझ्या लग्नापायी?” ती म्हणाली.

दादानं मान खाली घातली.

“माझ्या लग्नापायी तू त्येला रगडू दिलंस?” ती उठून उभी राहिली. “मोडलं आसतं तर मोडलं आसतं. दुसरं झालं आसतं, न्हाईतर न्हाई. मी त्या खोलीच्या भाईर उभी असायची, दादा. कानात बोटं घालून. मला सांगायचं हुतंस. मी त्या रगडणाऱ्या मुडद्याला दारात पाय ठेवू दिला नसता.”

वहिनी तिला धरायला गेली, तर तिनं हात झटकला. ती खूप बोलली. आईचं नाव काढून बोलली, आबांचं काढून बोलली. तू काय एकटाच त्यांचा होतास का, म्हणाली. दादाचा थोरला मुलगा मधे पडायला लागला, तर दादानं हातानंच त्याला बसवलं. शेवटी हिरा पिशवी उचलून निघाली. तिची मुलं तिच्या मागं गेली. तिनं कुणाचा निरोप घेतला नाही.

बाकीचेही मग एकेक करून पांगले. उन्हं कलली होती. ओट्यावर मी आणि दादाच राहिलो.  मला वाटलं त्याला लागलं असेल. ऑपरेशनमधून उठलेला माणूस, त्याला असं सगळ्यांदेखत बोलायला नको होतं. मी म्हणालो, “जाऊ दे दादा. आज रागात आहे, चार दिवसांनी येईल.”

“यील की,” तो म्हणाला. मग म्हणाला, “लई बोलली.”

“हो.”

“बरं झालं.” त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे कोरडे होते आणि चेहरा मोकळा होता, लहानपणी गुऱ्हाळावरून परत येताना असायचा तसा. “मला कुणीतरी बोलायलाच पायजे हुतं, जगू. पंचवीस वर्सं मी वाट बघत हुतो.”